मक्त्याने घेतलेला आवाज

मुळशी हा आंबेमोहोर भाताचा तालुका. त्याच्या पूर्व कडेला, हिंजवडीच्या शिवेला शीव लागलेल्या माण गावात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा आखला, आणि ज्या जमिनीच्या सात-बाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पीकपाण्याच्या नोंदी होत आल्या होत्या तिच्यावर काचेच्या भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. शिवाजीनगरकडून येणाऱ्या मेट्रोच्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या तिसऱ्या मार्गाचे शेवटचे टोक आणि त्याच्या गाड्यांचे आगारही याच गावी आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात जो माल तयार होतो तो ट्रकमध्ये भरता येतो, वजनकाट्यावर तोलता येतो, त्याचे चलन फाडता येते. माणच्या इमारतींत तयार होणाऱ्या मालाला वजन नसते, आणि म्हणूनच कदाचित त्यातला कोणता भाग येथे घडला व कोणता बाहेरून आणून बसवला, हा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात सहसा येत नाही. प्रस्तुत प्रकरणात अशाच एका बाहेरून आणून बसवलेल्या भागाची हकीकत सांगावयाची आहे. तो भाग म्हणजे मोबाइलवरील ॲपमधून इंटरनेटच्या मार्गाने थेट बोलता येण्याची सोय.

ही सोय हवी असणारे थोडेथोडके नाहीत. भाड्याच्या मोटारीच्या ॲपमध्ये प्रवासी कोणत्या फाटकाशी उभा आहे हे चालकाला विचारायचे असते, आणि त्याच वेळी रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या मुलीचा खासगी नंबर त्या चालकाच्या फोनमध्ये कायमचा राहू नये, अशीही रास्त अपेक्षा असते. बँकांना घरी बसलेल्या ग्राहकाची ओळख समोरासमोर बोलून पटवून घ्यायची असते, व रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये तशी मुभाही दिली. ज्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे त्याच संस्थेच्या मोहाली केंद्राने तयार केलेल्या ई-संजीवनी या सरकारी सेवेमुळे टाळेबंदीच्या काळात असंख्य रुग्ण उंबरठा न ओलांडता डॉक्टरांशी बोलू शकले. या प्रत्येक ठिकाणी पडद्यावर एक बटण दिसते, त्यावर फोनच्या रिसीव्हरचे चित्र असते, आणि ते दाबणाऱ्याची समजूत अशी असते की आपण फोन लावला.

वस्तुतः त्याने फोन लावलेला नसतो. अशा ॲपचे काम एखाद्या कचेरीत आले म्हणजे तेथील प्रोग्रामर ध्वनिशास्त्राचे ग्रंथ उघडून बसत नाही. तो एखाद्या तिसऱ्याच कंपनीचे प्लगइन, म्हणजे ॲपला जोडता येणारा तयार भाग, शोधतो, तिच्याकडे खाते उघडतो, आपल्या कार्यक्रमात पाच-पन्नास ओळी घालून ते प्लगइन जोडतो, आणि त्यानंतर जो काही आवाज वाहील त्याचा मिनिटागणिक हिशेब त्या कंपनीकडून दरमहा येत राहतो. ट्विलिओ ही अमेरिकेतील कंपनी २००८ साली याच धंद्यासाठी निघाली. पुढे अगोरा, प्लिवो आणि बंगळूरची एक्झोटेल अशा अनेक कंपन्या या ना त्या रूपात त्याच वाटेने आल्या. जुन्या काळी सरकार जसे नाक्याच्या जकातीचा मक्ता देई, तसा येथे ॲपचा मालक आवाजाचा मक्ता देतो, आणि मक्ता दिला म्हणजे आपले काम संपले असे मानण्याची चूक तेव्हाच्या कारभाऱ्यांप्रमाणे आजचेही कारभारी करतात. बोलणे हा या कामातला सोपा भाग होय. घंटी वाजवणे हा कठीण भाग, आणि जबाबदारी हा त्याहून कठीण. पैकी घंटीचा भार मक्तेदार काही अंशी उचलतो, जबाबदारीचा मात्र जवळजवळ मुळीच उचलीत नाही, हे ध्यानी धरून पुढचा मजकूर वाचावा.

आवाज दूर नेण्याच्या उद्योगाशी पुणे जिल्ह्याचा संबंध नवा नाही. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील बिनतारी संदेशवहनाचा जो मार्ग सुरू झाला, त्याची इकडची दोन केंद्रे खडकी आणि दौंड येथे होती. तेव्हा त्या मार्गाने केवळ तारेची अक्षरे जात, परंतु १९३३ पासून मनुष्याचा आवाजही त्या दोन देशांमध्ये बिनतारी जाऊ लागला. १९७० नंतर थोड्याच काळात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे विक्रम साराभाईंच्या नावाचे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले, व परदेशी फोन आकाशमार्गे जाऊ-येऊ लागले. मुंबई शहर आणि अंधेरी या दोन टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये १९७५ साली आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो वाहून नेणारी देशातील पहिली यंत्रणा बसली, आणि देशातील पहिली प्रकाशतंतूची दूरध्वनी जोडणी १९७९ मध्ये झाली ती पुण्यातच. माणमध्ये आज जे प्लगइन जोडले जाते त्याचे देशातील मूळ या मुंबई-अंधेरीच्या यंत्रणेत आहे असे म्हटले तर ते स्थानाभिमानाने केलेले विधान ठरू नये; कारण आवाज म्हणजे अखेर मोजता येणारे आकडे होत, ही गोष्ट एकदा येथील व्यवहारात रुजल्यावर ते आकडे कोणत्या रस्त्याने न्यावयाचे, एवढाच प्रश्न उरला होता.

मनुष्याच्या बोलण्यातील जो भाग समजण्यास अवश्य आहे तो साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ या कंपनसंख्येच्या पट्ट्यात सामावतो, असे टेलिफोनच्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ठरवून टाकले. एखाद्या लहरीचे विश्वासू चित्र हवे असेल तर तिच्या सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा तिचे मोजमाप घ्यावे लागते. म्हणून सेकंदाला ८००० वेळा आवाजाची उंची मोजावयाची, प्रत्येक मापाला ८ बिट द्यावयाचे, आणि सेकंदाला ६४,००० बिटांचा प्रवाह तयार करावयाचा, असा १९७२ सालापासूनचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. जुन्या टेलिफोनमध्ये या प्रवाहासाठी दोन बोलणाऱ्यांपुरती एक वाट संभाषण संपेपर्यंत राखून ठेवलेली असे. दोघेही गप्प बसले तरी ती वाट दुसऱ्या कोणास मिळत नसे, आणि ट्रंक कॉलचे बिल मिनिटावर आकारले जाई त्यामागे हीच अडवून ठेवलेली वाट होती. इंटरनेट वाट राखून ठेवीत नाही. त्यात आवाजाचे सामान्यतः २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्याला पत्ता, क्रमांक आणि वेळ लावून तो सोडून दिला जातो, आणि तो कोणत्या रस्त्याने जाईल याची खातरजमा कोणी करीत नाही. वरच्या दंडकाप्रमाणे २० मिलिसेकंदांत १६० बाइट आवाज भरतो, आणि त्याच्या पत्त्या-शिक्क्यांनाच आणखी ४० बाइट लागतात. तेव्हा ६४,००० बिटांचे बोलणे प्रत्यक्षात ८०,००० बिटांचे ओझे होऊन चालू लागते.

असे तुकड्यांनी बोलणे शक्य आहे, हे डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्यावर दोन संशोधन संस्थांमध्ये प्रत्यक्ष बोलून दाखवले. त्यानंतर ही विद्या वीस वर्षे प्रयोगशाळेत पडून होती, कारण सामान्य माणसाच्या घरी ना तेवढा संगणक होता ना तेवढी वाट. १९९५ च्या फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने घरगुती संगणकासाठी इंटरनेट फोन विकावयास काढला, आणि योगायोग असा की त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात जनतेसाठी इंटरनेट खुले केले. २००३ साली आलेल्या स्काइपने परदेशस्थ मुलांशी बोलण्याची सवय कोथरूड-चिंचवडच्या आजी-आजोबांना लावली. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरना घेतली, आणि मे २०२५ मध्ये ती सेवा बंदही करून टाकली.

तुकड्यांनी जाणाऱ्या आवाजाचा एक स्वभावधर्म येथे नीट समजून घेतला पाहिजे. एखादे चित्र किंवा दस्तऐवज पाठवताना त्यातला तुकडा वाटेत गहाळ झाला तर तो पुन्हा मागवून घेता येतो, आणि थोडा विलंब झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. बोलण्यात मात्र उशिरा आलेला तुकडा हरवलेल्या तुकड्याइतकाच निरुपयोगी असतो, कारण त्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आवाजाचे तुकडे पोचपावतीची वाट न पाहता पाठवले जातात, व जो गहाळ होतो त्याची जागा ऐकणाऱ्याच्या फोनमधील यंत्रणा शेजारच्या तुकड्यांवरून अंदाज बांधून भरून काढते. शिवाय सर्व तुकडे सारख्या अंतराने पोचत नाहीत. काही रेंगाळतात, काही एकदम येतात. ते सुरळीत वाजावेत म्हणून त्यांना काही क्षण थोपवून धरावे लागते. अधिक काळ थोपवले तर संवाद अडखळतो, कमी काळ थोपवले तर शब्द तुटतात. तोंडातून निघालेला शब्द दुसऱ्याच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या आत पडला तर संभाषण स्वाभाविक वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निर्वाळा आहे. त्यापलीकडे गेले की दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघे एकदम थांबतात, आणि "बोला, तुम्ही बोला" या सौजन्यातच मिनिटे जातात.

या सगळ्या कसबाचे मोल पूर्वी फार होते. ग्लोबल आयपी सोल्यूशन्स नावाची एक कंपनी केवळ आवाजाचे तुकडे सांधण्याचे आणि प्रतिध्वनी मारण्याचे तंत्र विकून जगत असे. गूगलने २०१० साली ती कंपनी विकत घेतली, तिचे तंत्र २०११ मध्ये वेबआरटीसी या नावाने सर्वांना मोफत खुले केले, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. दरम्यान, २०१२ साली, ओपस नावाची आवाज आवळण्याची पद्धत प्रमाण ठरली. सेकंदाला ६००० बिटांपासून ५,१०,००० बिटांपर्यंत ती वाटेच्या रुंदीप्रमाणे स्वतःला लहान-मोठी करते, व जुन्या टेलिफोनच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या जागेत त्याच्याहून सुस्पष्ट बोलणे नेऊ शकते. बाजारात आज जी प्लगइन मिळतात त्यांतील बऱ्याचशांच्या पोटात हाच मोफतचा ऐवज आहे. मग मक्तेदार पैसे घेतो ते कशाचे, असा प्रश्न वाचकाने विचारला तर तो योग्यच होय.

पहिले उत्तर असे की तो वाट काढून देतो. आपल्या फोनला इंटरनेटवर स्वतःचा असा जाहीर पत्ता बहुधा नसतो. जुन्या पुण्यातील मोठ्या वाड्यात वीस बिऱ्हाडे असत, पण पोस्टाला ठाऊक असे तो वाड्याचा एकच घरक्रमांक. आतल्या माणसाने बाहेर चिठ्ठी पाठवली तर देवडीवरचा माणूस ती कोणाची हे लक्षात ठेवी आणि उत्तर आले की नेमक्या बिऱ्हाडी पोचवी, मात्र कोणी अनोळखी इसम आपणहून देवडीवर येऊन आतल्या अमक्याला भेटायचे म्हणाला तर त्याला आत सोडत नसे. मोबाइल कंपन्यांची जाळी आणि कचेऱ्यांची जाळी अशाच देवड्यांच्या मागे असतात, व संभाषण म्हटले की दोन वाड्यांतील दोन बिऱ्हाडांनी एकमेकांना आपणहून हाक मारावयाची असते. यावर इंटरनेटच्या अभियंत्यांनी तीन तोडगे काढले. स्टन नावाची व्यवस्था फोनला त्याचा बाहेरून दिसणारा पत्ता सांगते. आइस नावाची पद्धत दोन्हीकडचे सर्व संभाव्य पत्ते जोडी-जोडीने तपासून चालू वाट शोधते. आणि काहीच साधले नाही तर टर्न नावाचा मध्यस्थ सर्व्हर दोघांचे सर्व तुकडे स्वतः घेऊन पलीकडे देतो. ही शेवटची सोय खर्चाची आहे, कारण संभाषणाचा सारा भार त्या मध्यस्थाच्या वाटेवर पडतो. ज्या प्रोग्रामरने मक्ता न देता स्वतःच सर्व उभारण्याचा घाट घातला त्याला कचेरीच्या वायफायवर दोन फोन उत्तम बोलताना दिसतात, आणि एक फोन मोबाइल डेटावर गेला की आवाज एकाच बाजूने ऐकू येतो. या व्यवसायातले लोक त्याला 'वन-वे ऑडिओ' म्हणतात आणि ते नाव उच्चारताना त्यांचा चेहरा पडतो.

मध्यस्थ कोठे बसला आहे यालाही महत्त्व आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ४००० किलोमीटर. तेव्हा माणमधल्या माणसाचा शब्द सिंगापूरच्या सर्व्हरवरून चाकणच्या माणसाकडे वळवला तर वाटेतील यंत्रे काही वेळ घेत नाहीत असे धरले तरी ४० मिलिसेकंद केवळ प्रवासात जातात, आणि प्रत्यक्षात समुद्रातली केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. १५० मिलिसेकंदांच्या तुटपुंज्या तरतुदीतून एवढी रक्कम विनाकारण खर्च होऊ द्यावी, असे कोणताही हिशेबी माणूस म्हणणार नाही. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये आपले सर्व्हर-केंद्र मुंबईत उघडले, व तेव्हापासून अशा कंपन्यांना भारतात मध्यस्थ बसवणे सुलभ झाले; तरीही प्लगइनच्या मांडणीत मुंबईचा विभाग निवडायचा राहून गेला आणि महिनोन्‌महिने शेजारच्या गावचे बोलणे परदेशातून फिरून आले, असे प्रकार घडत असतात.

आता दुसरे उत्तर, घंटी. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून येणारी वीज घंटीपर्यंत सदैव जोडलेली असे, त्यामुळे तो यंत्रदृष्ट्या कधी झोपतच नसे. आजचा मोबाइल बॅटरीवर जगतो व म्हणून होता होईल तेवढा झोपतो. पडदा काळा झाला की पाठीमागे चालू असलेली ॲप तो एकेक करून थांबवतो. व्यवसायातल्या भाषेत ॲप 'किल' होते. मग बंद पडलेल्या ॲपला कॉल आला हे कळावे कसे? याकरिता अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलच्या आणि आयफोनच्या बाबतीत ॲपलच्या सूचना-सेवेमार्फत एक निरोप पाठवावा लागतो, ज्याला सगळे 'पुश' म्हणतात. त्या निरोपाने फोन जागा होतो, फोन ॲपला जागे करतो, ॲप मक्तेदाराच्या सर्व्हरशी जोडणी करते, आणि मग घंटी वाजते. कॉल करणारा तोवर कानाला फोन लावून बसलेला असतो. ही साखळी दोन-तीन सेकंदांत पूर्ण व्हावी अशी अपेक्षा असते, आणि तिच्या कड्या निरनिराळ्या मालकांच्या ताब्यात असतात.

या मालकांची फर्माने वेळोवेळी बदलली आहेत. ॲपलने २०१४ मध्ये इंटरनेट कॉलसाठी खास पुश दिली, व २०१६ मध्ये कॉलकिट आणून अशा कॉलला फोनच्या मूळ कॉलसारखा पूर्ण पडदा दिला. त्याचा गैरफायदा घेऊन काही ॲप कॉलच्या नावाखाली पाठीमागे भलतीच कामे करू लागली, तेव्हा २०१९ मध्ये नियम आला की अशी पुश आली म्हणजे ताबडतोब कॉलचा पडदा दाखवलाच पाहिजे, न दाखवल्यास ॲप तेथल्या तेथे बंद केले जाईल आणि पुनःपुन्हा चुकल्यास त्याला पुश देणेच थांबेल. अँड्रॉइडने २०१५ मध्ये फोनला गाढ झोपवण्याची सोय केली आणि २०१७ मध्ये ॲपना स्वतःचे कॉल हाताळण्याची रीतसर वहिवाट दिली. परंतु अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांनी बॅटरी वाचवण्याच्या ईर्षेने त्यावर आपले स्वतंत्र निर्बंध लादले, त्यामुळे एका फोनवर बिनचूक वाजणारी घंटी दुसऱ्या कंपनीच्या फोनवर वाजतच नाही. कॉलचे बटण एका दुपारी बसते आणि घंटी नीट बसण्यास एक पावसाळा जातो, हे मला अतिशयोक्त वाटत नाही. ग्राहकाने मागितलेले असते बटण. म्हणून अंदाजपत्रकात पैसे धरलेले असतात तेही बटणाचेच, आणि पुढचा सगळा पावसाळा कोणाच्या तरी रात्री खातो.

यात प्लगइनचा आणखी एक थर असतो. आजकाल अँड्रॉइड व आयफोन यांसाठी दोन वेगळी ॲप न लिहिता कॉर्डोव्हा, २०१५ मध्ये आलेले रिॲक्ट नेटिव्ह किंवा २०१८ मध्ये पक्के झालेले फ्लटर यांपैकी एका चौकटीत एकदाच लिहिण्याचा प्रघात आहे. मायक्रोफोन, घंटी, ब्लूटूथ या गोष्टी मात्र त्या-त्या फोनच्या मूळ भाषेतच हाताळाव्या लागतात, म्हणून चौकट आणि फोन यांमध्ये दुभाष्याचे काम प्लगइन करते. कधी ते सेवा देणाऱ्या कंपनीने लिहिलेले असते. पुष्कळदा मात्र एखाद्या हौशी प्रोग्रामरने स्वतःच्या गरजेपोटी लिहून लोकांसाठी ठेवून दिलेले असते, आणि तो दुसऱ्या नोकरीत गेला की त्याचे पालकत्व संपते. गूगलने अलीकडे असा दंडक घातला की १ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अँड्रॉइडसाठी दाखल होणाऱ्या ॲपने स्मृतीची १६ किलोबाइटांची पाने पेलली पाहिजेत. ॲपच्या वरच्या थरात राहणाऱ्याला याची झळ लागत नाही. परंतु वेबआरटीसीसारखा जो भाग मूळ यंत्रभाषेत घडवलेला असतो तो नव्याने बांधून घ्यावा लागतो, व ज्याच्या प्लगइनला वाली उरलेला नाही तो दारात अडकतो. मोठ्या कंपनीचा आश्रय घेतला म्हणजे ही भीती जाते असेही नाही. ट्विलिओने आपली व्हिडिओ-संभाषणाची सेवा बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये केली, मग मुदत वाढवली, आणि २०२४ मध्ये निर्णयच फिरवला. दरम्यान ज्यांनी घाईघाईने सारे बिऱ्हाड दुसरीकडे हलवले त्यांच्या श्रमांचा हिशेब कोण देणार?

किल्ल्यांविषयी एक शब्द येथेच सांगून टाकतो. मक्तेदार खातेदाराला जी गुप्त किल्ली देतो ती ॲपच्या आत लिहून ठेवण्याचा आळस पुष्कळांकडून होतो. ॲपचे गाठोडे कोणालाही उतरवून घेऊन उकलता येते. किल्ली सापडली की परका माणूस वाटेल तेथे कॉल लावतो आणि बिल खातेदाराच्या नावे येते. योग्य रीत अशी की किल्ली आपल्या सर्व्हरवर राहावी, आणि वापरणाऱ्याची ओळख पटल्यावर सर्व्हरने त्याला थोड्या मुदतीचा परवाना द्यावा. आवाज वाटेत गुप्त केलेला असतो हे खरे, पण मध्यस्थ सर्व्हरवर संभाषण ध्वनिमुद्रित करण्याची सोय जेथे घेतलेली असते तेथे तो उघडावाही लागतो. रुग्णाचे बोलणे कोणाच्या यंत्रावर किती दिवस पडून राहते, हे विचारण्याचे उत्तरदायित्व २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ॲपच्या मालकावर टाकले आहे. बाहेरच्या कंपनीकडून काम करवून घेतले, ही सबब तेथे चालत नाही.

सरकारी कायद्याची गोष्ट याहून जुनी. १८८५ च्या तार कायद्याने तारेवरून संदेश नेण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे राखला, आणि परवान्याशिवाय कोणी तो बजावू नये अशी तजवीज केली. इंटरनेटवरून बोलण्यास भारतात १ एप्रिल २००२ पासून मर्यादित मुभा मिळाली. संगणकावरून संगणकावर बोलावे, संगणकावरून परदेशातील फोनवर बोलावे, परंतु भारतातील टेलिफोनच्या जाळ्याशी ती वाट जोडू नये. त्यामागे महसुलाची चिंता होती आणि टेहळणीचीही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट-कॉलला वेगळा दर लावण्याचे जाहीर केले, त्यावर देशभर गदारोळ उठला, कंपनीला माघार घ्यावी लागली, व त्या वादातून निघालेल्या प्रक्रियेअंती दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये डेटाच्या दरांत असा पंक्तिप्रपंच करण्यास मनाई केली. जून २०१८ मध्ये परवान्याच्या अटी सुधारून परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून देशातील कोणत्याही नंबरला जोडून देण्याची मोकळीक मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात भारत संचार निगमाने 'विंग्ज' ही सेवा जाहीर केली. हिंजवडीतील कॉल सेंटरांना जी स्वतंत्र नोंदणी पूर्वी करावी लागे ती नोव्हेंबर २०२० मध्ये रद्द झाली. तार कायद्याची जागा घेण्यासाठी आता २०२३ चा दूरसंचार कायदा झालेला आहे.

प्रोग्रामरच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ थोडक्यात असा. दोन्ही टोकांना तेच ॲप असेल आणि आवाज इंटरनेटवरून इंटरनेटवरच जात असेल, तर आजवरच्या वहिवाटीत त्याला टेलिफोन कंपनीचा परवाना लागलेला नाही. परंतु ॲपमधून निघालेला आवाज भारतातील साध्या फोन नंबरवर उतरवायचा असेल, तर तो परवानाधारक कंपनीच्याच मार्गाने उतरला पाहिजे. परदेशी प्लगइनच्या माहितीपत्रकात 'कोणत्याही नंबरला कॉल करा' असे लिहिलेले असते, आणि ते पत्रक आपल्या कायद्यासाठी लिहिलेले नसते. मोटारीच्या चालकाला प्रवाशाचा नंबर न कळता बोलणे घडवून आणणाऱ्या ज्या सेवा आपल्याकडे रूढ झाल्या त्यांतील बहुतेक साध्या फोनचीच वाट वापरतात: दोघांनाही एका मध्यस्थ नंबरवर जोडून देतात. हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत, जेथे एका मनोऱ्यावर हजारो फोन एकदम डेटा मागत असतात, तेथे ही जुनी वाट इंटरनेटच्या वाटेहून अधिक भरवशाची ठरते, असे माझे मत आहे. आणि ज्या ॲपचा चालक साधा फोन उचलू शकतो त्या ॲपमध्ये केवळ नवेपणाच्या हौसेने इंटरनेटचा आवाज बसवू नये.

राहता राहिली एक गोष्ट, जी माहितीपत्रकात सर्वांत बारीक अक्षरांत छापलेली असते. भारतात संकटकाळी लावण्याचा नंबर ११२ आहे. फोनमध्ये सिमकार्ड नसले तरी आसपासच्या कोणत्याही कंपनीच्या मनोऱ्यावरून तो लागावा अशी मोबाइलची मूळ रचनाच आहे. प्लगइनने बसवलेल्या कॉलच्या बटणाला ही रचना ठाऊक नसते. ॲप-ते-ॲप बोलणाऱ्या त्या बटणावरून ११२ लागत नाही, आणि ज्या सेवा साध्या नंबरांना जोडून देतात त्यांतील बहुतेकांच्या अटींतही संकटकालीन कॉल वगळलेले असतात. रात्री घाबरलेल्या प्रवाशाला मात्र दोन्ही बटणे सारखीच दिसतात, कारण दोहोंवर त्याच रिसीव्हरचे चित्र असते. तेव्हा अशा ॲपचे काम ज्यांच्या हाती येईल त्यांनी प्लगइन कोणाचेही घ्यावे, दर कोणताही ठरवावा, पण ११२ साठी निराळे बटण द्यावे, त्याने प्लगइनला न विचारता फोनचा मूळ डायलर उघडावा, आणि ग्राहकाने मागितले नसले तरी ते काम अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावे.